बुऱ्हाणला अकबराने आसरा का दिला? निजामशाहीतले फुटीर आणि मुघल दरबाराचा हिशोब

रविवारी किंवा ईदच्या दुसऱ्या दिवशी चांदबीबीच्या महालावर गेलात तर केडगावातली चार-दोन ओळखीची कुटुंबं हमखास भेटतात. डबे, चटई, मुलांच्या हातात बॅट. आम्हीही शाळेची मुलं घेऊन तिथे जातो. मागच्या सहलीत वर पोहोचल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, चांदबीबी मुसलमान, अकबरपण मुसलमान. मग त्याने तिच्यावर फौज का पाठवली?"

त्या वेळी आम्ही "साम्राज्य वाढवायला" असं म्हणून वेळ मारून नेली. खरं तर त्या उत्तरातून काहीच कळत नाही. अकबराची फौज नगरच्या वेशीवर आली १५९५ च्या डिसेंबरात. पण नगरची माणसं अकबराच्या दारात त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीपासून बसलेली होती. ती कोण होती, आणि एवढ्या मोठ्या बादशाहाने त्यांना जवळ का केलं, हे समजलं की त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. शहराचं नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं आहे. जुन्या काळाबद्दल लिहिताना आम्ही सोयीसाठी नगर असंच लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. शाह डोंगरावरची ती अष्टकोनी तीन मजली इमारत चांदबीबीचा महाल नाही. ती सलाबत खान दुसरा याची कबर आहे. हा सलाबत खान मुर्तजा निजामशाह पहिला याचा वजीर होता. आपल्या गोष्टीची सुरुवात याच माणसापासून होते, म्हणून सहलीला गेलात तर मुलांना हे जरूर सांगा.

घरातून फुटलेले

निजामशाही स्वतःच फुटून निघालेली सल्तनत होती. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव केला, स्वतंत्र झाला आणि विजयाच्या जागी पुढे शहर वसवलं. वऱ्हाडात इमादशाही, विजापुरात आदिलशाही, अशीच बहमनीची शकलं झाली. त्यांतली वऱ्हाडची इमादशाही मुर्तजाने १५७४ मध्ये गिळली. चौऱ्याऐंशी वर्षं वेगळं राहिलेला मुलूख नगरला जोडला गेला, पण तिथल्या अमिरांची मनं काही जोडली गेली नाहीत.

त्यात मुर्तजाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. लोक त्याला 'दिवाना' म्हणत. तो वर्षानुवर्षं एकांतात राहायचा आणि कारभार वजीर पाहायचे. वऱ्हाडचा अधिकारी सय्यद मुर्तजा सब्जवारी आणि वजीर सलाबत खान यांचं जमेना. सय्यद मुर्तजा फौज घेऊन नगरवर चालून आला, १५८४ मध्ये सलाबत खानाने त्याला हरवलं, आणि तो व खुदावंद खान हे वऱ्हाडचे अमीर उत्तरेला पळून अकबराच्या आश्रयाला गेले.

त्याच सुमारास आणखी एक मोठा मासा तिकडे पोहोचला होता. मुर्तजाचा सख्खा भाऊ बुऱ्हाण. भावाविरुद्धचा त्याचा उठाव फसला, मग लपतछपत तोही अकबराकडे गेला. बादशाहाने त्याला नोकरी दिली, जहागीर दिली. म्हणजे आता मुघल दरबारात वऱ्हाडचे नाराज अमीरही होते आणि नगरच्या तख्तावर दावा सांगू शकेल असा शहजादाही होता. शेजारच्या घरातला रुसलेला भाऊ आपल्या ओसरीवर येऊन बसला, तर चहा पाजणारा प्रत्येक जण काही केवळ माणुसकीने पाजत नाही.

अकबराला काय हवं होतं

इथे जरा थांबून पाहू, कारण खरा विषय हाच आहे.

पहिलं म्हणजे अकबराचे हात बांधलेले होते. १५८५ ते १५९८ तो लाहोरला मुक्काम ठोकून होता. काबूल, काश्मीर, सिंध, कंदाहार यांच्या मोहिमा चालू होत्या आणि पलीकडे तुराणचा अब्दुल्ला खान उझबेक कधी काय करेल याचा भरवसा नव्हता. अशा वेळी दख्खनमध्ये मोठी फौज अडकवणं परवडणारं नव्हतं. एका परागंदा शहजाद्याला जहागीर देणं त्या मानाने फारच स्वस्त. त्याला तख्त मिळालं तर शेजारी आपला मिंधा होतो, नाही मिळालं तरी शेजारी घरातल्या भांडणात गुंतून राहतो. दोन्हीकडून फायदाच.

दुसरं कारण समुद्र आणि वाटा. गुजरात जिंकल्यावर १५७३ मध्ये सुरत मुघलांकडे आलं. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा एक मोठा मार्ग खानदेशातून, बुऱ्हाणपूरवरून जायचा. खानदेशला लागूनच निजामशाही आणि तिचं वऱ्हाड. चौल हे निजामशाहीचं बंदर. अरबस्तानातले घोडे आणि परदेशी माल तिथे उतरायचा, आणि त्याच चौलला पोर्तुगीज ठाणं मांडून बसलेले. वऱ्हाडची काळी जमीन, तिथला कापूस आणि महसूल याबद्दल वेगळं सांगायला नको.

हजचाही मुद्दा होता. सुरतेहून जहाज मक्केकडे सोडायचं तर पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागे. खुद्द अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ मध्ये हजला निघाली तेव्हा हा त्रास झालाच. अब्दुल्ला खान उझबेकला १५८६ मध्ये लिहिलेल्या पत्रात अकबराने फिरंग्यांना हटवण्याचा इरादा बोलून दाखवला आहे. दख्खनमध्ये हात घालण्याला हे कारण चांगलं शोभत होतं. मात्र पुढे दख्खन हाती आली तरी पोर्तुगीजांवर तशी मोठी मोहीम निघाली नाही. आमच्या मते हे कारण खोटं नव्हतं, पण ते जितकं बोललं गेलं तितकं वजनदारही नव्हतं.

आणि मजहब? बुऱ्हाण निजामशाह पहिला याने शाह ताहिरच्या प्रभावाने १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला होता. दख्खनच्या शिया दरबारांचा ओढा इराणच्या सफवी शाहाकडे असे. मुघलांना हे खटकायचं, कारण इराणचा शाह हा त्यांचा बरोबरीचा प्रतिस्पर्धी होता. म्हणजे इथेही नमाज कोण कसा पढतो यापेक्षा शेजारी कोणाला मोठा मानतो हे महत्त्वाचं होतं. अकबराला हवी होती ती कबुली. दख्खनच्या सुलतानांनी आपलं वरचेपण मान्य करावं, नजराणे पाठवावेत. खुद्द अकबराच्या दरबारात तुराणी सुन्नी होते, इराणी शिया होते, राजपूत होते. मजहबाचा हिशोब लावून या लढाया समजत नाहीत. आजकाल मोबाइलवर फिरणाऱ्या इतिहासात प्रत्येक तलवारीवर धर्माचं लेबल चिकटवलेलं असतं, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहोत.

पहिला डाव फसला, दुसरा उलटला

वऱ्हाडचे अमीर मदत मागत होते. अकबराने माळव्याच्या मिर्झा अजीज कोकाला वऱ्हाडवर जायला सांगितलं. १५८६ मध्ये मुघल फौज अचलपूरपर्यंत आली, शहर लुटलं, पण दख्खनी फौज मागावर येताच नंदुरबारच्या वाटेने गुजरातकडे निघून गेली. खानदेशचा राजा अली खान या वेळी मुघलांच्या बाजूला उभा राहिला नाही. ज्यांच्या नावाने मोहीम निघाली त्या वऱ्हाडच्या पदरात काय पडलं? लुटलेलं अचलपूर.

इकडे नगरमध्ये रक्ताचा सडा पडत होता. १५८८ मध्ये मुर्तजाला त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनने मारलं. १५८९ मध्ये मीरान मारला गेला. शहरात परदेशी, म्हणजे इराणी-तुराणी वंशाच्या लोकांची कत्तल झाली. फरिश्ता हा इतिहासकार त्या वेळी नगरलाच नोकरीत होता. तो जीव वाचवून विजापूरला गेला आणि तिथे बसून त्याने लिहिलं, म्हणून आपल्याला एवढं बारीकसारीक ठाऊक आहे. जमाल खान या महदवी सरदाराने तख्तावर इस्माईल नावाच्या पोराला बसवलं. हा इस्माईल कोणाचा मुलगा? अकबराकडे आश्रयाला गेलेल्या बुऱ्हाणचा.

अकबराने संधी ओळखली. त्याने बुऱ्हाणला फौज देऊ केली. बुऱ्हाणने ती नाकारली! मुघल फौज बरोबर घेऊन गेलो तर दख्खनचे लोक बिथरतील, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने राजा अली खान आणि विजापूर यांची मदत घेतली. १५९१ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहणखेडजवळ लढाई झाली, जमाल खान ठार झाला आणि बुऱ्हाण पोटच्या मुलाला बाजूला सारून नगरच्या तख्तावर बसला.

आता अकबराने उधारी वसूल करायला माणूस पाठवला. माणूसही साधासुधा नव्हता. अबुल फजलचा थोरला भाऊ, दरबाराचा शायर फैजी. १५९१ मध्ये तो खानदेश आणि नगरकडे वकील म्हणून निघाला आणि १५९३ पर्यंत दख्खनमध्येच होता. नगरला त्याला जुहूरी आणि मलिक कुम्मी हे शायर भेटले आणि त्याने त्यांची तारीफ बादशाहाला लिहून कळवली. उर्दू-फारसीच्या आमच्यासारख्या शिक्षकाला या खेपेतली हीच कमाई मोठी वाटते. राजकारणाच्या बाजूने फैजी जवळपास रिकाम्या हाताने परतला. बुऱ्हाणने थोडे हत्ती आणि हलका नजराणा पाठवून बोळवण केली. मुघलांचं वरचेपण त्याने मानलं नाही.

बुऱ्हाण नमकहराम होता का? मुघल दरबारात तसंच म्हटलं गेलं असणार. पण त्याच्या जागेवरून पाहा. परागंदा असताना त्याला अकबराची मर्जी लागत होती, तख्तावर बसल्यावर नगरच्या अमिरांची. मिंधा म्हणून दिसला असता तर आठ दिवस टिकला नसता. बाहेरचं बळ घेऊन आलेल्या प्रत्येक सत्ताधीशाची ही अडचण असते, आणि बळ देणाऱ्याला ती नेहमी उशिरा कळते.

जवळच्या काळातलं उदाहरण घ्यायचं तर १९८३ नंतर भारताने श्रीलंकेतल्या तमिळ लढवय्या गटांना आपल्या भूमीवर प्रशिक्षण दिलं. तमिळनाडूतल्या लोकांच्या भावना होत्या, तिथल्या तमिळांवर झालेले अत्याचार खरे होते, आणि कोलंबो सरकारने इतर देशांकडे झुकू नये ही दिल्लीची इच्छाही होती. १९८७ च्या करारानंतर भारतीय शांतिसेना तिथे गेली आणि त्यांतल्याच वाघांशी लढताना सुमारे बाराशे जवान गमावून १९९० मध्ये परतली. १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली. १९७१ चा अनुभव वेगळा होता. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले होते, त्यांचे हाल डोळ्यांसमोर होते. शिवाय दोन बाजूंनी घेरणारा पाकिस्तान दुभंगणार होता, आणि तिथे आसरा घेतलेल्या मिझो बंडखोरांचा बंदोबस्तही होणार होता. मुक्तिवाहिनीला मदत करताना करुणा आणि फायदा एकाच दिशेला होते. असं जुळून येणं विरळाच.

मियाँ मंझूचं पत्र

बुऱ्हाण १५९५ मध्ये वारला. त्याचा मुलगा इब्राहीम काही महिन्यांतच विजापूरशी लढताना मारला गेला. मग नगरला एका तख्तासाठी चार दावेदार उभे राहिले. वजीर मियाँ मंझूने अहमद नावाचा मुलगा पुढे केला, ज्याचा निजामशाही रक्ताशी संबंध आहे की नाही याचीच शंका होती. हबशी सरदार इखलास खानाने मोती नावाचा दुसरा मुलगा शोधला. आहंग खानाने म्हाताऱ्या शाह अलीचं नाव घेतलं. चांदबीबीचा आग्रह इब्राहीमच्या तान्ह्या मुलासाठी, बहादूरसाठी होता. ती हुसेन निजामशाहची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशाहची बेवा, आणि या सगळ्यांत राज्यकारभाराचा अनुभव असलेली एकटीच.

हबशी सरदारांनी कोंडी करताच मियाँ मंझूने गुजरातेत असलेल्या शहजादा मुरादला पत्र लिहिलं : या, मदत करा. मुरादला आणखी काय हवं होतं? तो निघाला, खानखाना अब्दुर्रहीमही निघाला. दरम्यान मंझूने विरोधकांना हरवलं आणि त्याला केल्याचा पस्तावा झाला, पण भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ टळून गेली होती. किल्ला चांदबीबीच्या भरवशावर टाकून तो अहमदला घेऊन निघून गेला.

मुघल फौज आली तेव्हा मुरादने रयतेला अभय दिलं होतं. पण शाहबाज खानाच्या माणसांनी शहर लुटलं, आणि त्या लुटीतून बारा इमामांचा लंगरही सुटला नाही. आज मोहरमला आपण ज्या कोठल्यात जातो, त्याच परिसराची ही गोष्ट. ज्यांच्या वजिराने पाहुणे बोलावले, त्यांच्याच घरांची कुलुपं तुटली.

वेढ्याची हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. तटाखाली सुरुंग पेरले गेले, काहींचा पत्ता लागला आणि ते निकामी केले गेले, फेब्रुवारी १५९६ मध्ये एक उडाला आणि तटाला भगदाड पडलं. चांदबीबी बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन भगदाडात उभी राहिली. रातोरात तट पुन्हा उभा झाला. गोळे संपल्यावर तिने सोन्यारुप्याची नाणी तोफेत भरली, असंही लोक सांगतात. मुराद आणि खानखाना यांचं आपसांत पटत नव्हतं, दाणागोटा संपत होता, विजापूर-गोवळकोंड्याची फौज येत असल्याची खबर होती. तह झाला. बहादूरला निजामशाह मानलं गेलं, आणि किंमत म्हणून वऱ्हाड मुघलांना गेलं.

वऱ्हाडच्या अमिरांना आठवा. बारा वर्षांपूर्वी ते नगरविरुद्ध दाद मागायला अकबराकडे गेले होते. वऱ्हाड नगरपासून सुटलं खरं, पण ते त्यांचं झालं नाही. मुघलांचा एक सुभा झाला.

राजा अली खानाची गत तर याहून वाईट. आधी मुघलांना टाळणारा हा खानदेशचा सुलतान शेवटी त्यांच्या बाजूने लढायला उतरला आणि १५९७ मध्ये गोदावरीकाठच्या आष्टीच्या लढाईत त्यांच्यासाठी मेला. चार वर्षांत, जानेवारी १६०१ मध्ये, असीरगड पडला आणि त्याची सल्तनतही अकबराने खालसा केली.

अब्दुल्ला खान उझबेक १५९८ मध्ये वारला आणि अकबराचे हात मोकळे झाले. आता त्याला कोणा बुऱ्हाणची, कोणा मंझूची गरज उरली नव्हती. तो स्वतः दख्खनकडे निघाला. १६०० मध्ये शहजादा दानियालने नगरला पुन्हा वेढा घातला. किल्ला टिकणार नाही हे ओळखून चांदबीबी बोलणी करायच्या विचारात होती. हमीद खानाने "बीबी फितूर झाली" अशी हाकाटी केली आणि जमावाने तिला महालात घुसून मारलं. पाच वर्षांपूर्वी खऱ्या फितुराला नगरने काही केलं नव्हतं. ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि बालक बहादूरला ग्वाल्हेरच्या कैदेत पाठवलं गेलं.

फासा उलटा पडला तेव्हा

हा खेळ फक्त बलाढ्यांनीच खेळला असं नाही. मलिक अंबरने शाह अलीच्या मुलाला मुर्तजा दुसरा म्हणून परांड्याला तख्तावर बसवलं आणि निजामशाही आणखी २६ वर्षं ओढली. मुघल त्याचे सरदार फोडत राहिले. १६१६ मध्ये लखुजी जाधव त्यांना मिळाले. अंबरनेही तीच चाल परत केली. जहांगीरचा मुलगा शहाजहान बापाविरुद्ध बंड करून दख्खनमध्ये आला, तेव्हा अंबरने त्याच्याशी हातमिळवणी केली आणि दोघांनी मिळून बुऱ्हाणपूरला वेढा घातला. त्याच काळात, १६२४ मध्ये, नगरजवळ भातोडीला अंबरने मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र मोडल्या होत्या.

फरक ताकदीचा होता. १६२९ मध्ये बंडखोर खानजहान लोदीला मुर्तजा दुसऱ्याने आसरा दिला. तोपर्यंत शहाजहान बादशाह झाला होता, आणि ज्या दख्खनने कधी काळी त्याला साथ दिली होती तिच्यावर तो स्वतः फौज घेऊन बुऱ्हाणपूरला येऊन बसला. १६३१ मध्ये लोदी मारला गेला, १६३३ मध्ये दौलताबाद पडलं. शहाजी राजांनी एका बालकाला तख्तावर बसवून तीन वर्षं झुंज दिली. १६३६ मध्ये शहाजहान आणि आदिलशाह यांनी निजामशाहीचा मुलूख आपसांत वाटून घेतला.

मुलांना हे सगळं दाखवायचं तर एक दिवस पुरतो. सकाळी शाह डोंगरावर सलाबत खानाची कबर, दुपारी कोठला, मग किल्ला. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र सोबत ठेवा. १९४२ मध्ये मौलाना आझादांना तिथेच कैदेत ठेवलं होतं, आणि 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं त्यांनी तिथेच लिहिली. तटावरून फिरताना चांदबीबी कुठे उभी राहिली असेल हे मुलं विचारतीलच. मियाँ मंझू कोणत्या दरवाजाने गेला असेल, हे तुम्ही त्यांना विचारा.